पाळण्यातला प्रवासी

विहीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "व्याही, पाळण्याचा कशाला त्रास घेता? आम्ही विजेवरचा आणलाय. आपोआप हलतो, आणि गाणीसुद्धा म्हणतो."

हिकमतअकांनी फोन ठेवला आणि चहाची वाटी सतरंजीवर पालथी घातली. वाटीत चहा होता हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

तशा अल्माटीच्या बागिला विहीणबाई वाईट नव्हत्या. हिकमतअकांची एकुलती एक लेक शोइरा त्यांच्या घरात सुखात होती, आणि आता तिला मुलगा झाला होता. पण पहिल्या नातवाचा पाळणा आईच्या माहेरून जातो, ही गोष्ट ताश्कंदमधल्याच काय, अल्माटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तो आजोळचा मान. तो कोणी दुकानातून विकत आणत नाही. आणि गाणी म्हणतो म्हणजे काय? पाळण्यानेच गाणी म्हणायची तर आजीने काय विजेचं बिल भरायचं?

"अहो, त्या चांगल्या मनाने म्हणाल्या असतील," सबोहतआपा सतरंजी पुसत म्हणाल्या.

"चांगल्या मनाचा माणूस 'या' म्हणतो. 'आणू नका' म्हणत नाही."

हिकमतअकांनी उभा जन्म शहराच्या पाणीखात्यात हेडक्लार्क म्हणून काढला होता. मीटरचा आकडा आणि अर्जावरची सही यांत जरा खोट दिसली, तर सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी खिडकीवरून परत पाठवलं होतं. आता निवृत्त झाल्यावर परत पाठवायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे मान-अपमान मोजायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. ते तडक उठले, मागच्या खोलीत गेले आणि गाद्यांच्या ढिगाखालून आपल्या आईचा पाळणा ओढून काढला. खालच्या दोन वाकड्या पट्ट्यांवर डुलणारा, वर आडवा दांडा असलेला, तुतीच्या लाकडाचा. यात ते स्वतः झोपले होते, त्यांची भावंडं झोपली होती, शोइरा झोपली होती. रविवारी दुपारी, पाहुण्यांच्या जेवणाआधी, अल्माटीत नातवाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं ठरलं होतं. तोवर हा पाळणा पोचला, तर नातू यात झोपेल. नाही पोचला, तर तो गाणारा खोका आहेच.

"पोचवणार," हिकमतअका म्हणाले. त्यांच्या डोक्यावर कोळ्याचं जाळं होतं, त्यामुळे त्या शब्दाला यावं तेवढं वजन आलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला बातमी लागली आणि सल्ल्यांची रीघ लागली. कोणी म्हणालं, ट्रकने पाठवा. कोणी म्हणालं, विमानाने न्या, पण तिथे तो सामानाच्या पट्ट्यावरून डुलत डुलत येईल, ते बरं दिसेल का याचा विचार करा. एकाने पाळणा सुटा करून पिशवीत भरायला सांगितलं, तेव्हा सबोहतआपांनी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. शेवटी तुर्सुनअका आले. तुर्सुनअका एकदा जर्दाळूंच्या पेट्या घेऊन बिश्केकला गेले होते आणि सरहद्दीवर त्यांना परत पाठवलं होतं. तेव्हापासून सरहद्द या विषयावर शेवटचा शब्द त्यांचाच असे.

"रेल्वे," तुर्सुनअका म्हणाले. "रस्त्याच्या सरहद्दीवर माणसाने साहेबाकडे जायचं असतं. रेल्वेत साहेब माणसाकडे येतो. तुम्ही आपले गादीवर बसलेले. पाहुणा कोण? साहेब! यजमान कोण? तुम्ही! निम्मी लढाई तिथेच जिंकली."

"आणि उरलेली निम्मी?"

"उरलेल्या निम्म्याला दाखला लागतो. जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर तिला काही मोल नाही असं लिहून आणावं लागतं."

दाखला म्हटल्यावर हिकमतअकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तेज आलं. दाखला, अर्ज, शिक्का ही त्यांची स्वतःची पेठ होती. दुसऱ्या दिवशी पाळणा टॅक्सीच्या टपावर बांधून दोघं नवराबायको जुन्या वस्तू तपासणाऱ्या कचेरीत हजर झाली. तिथे चष्मा लावलेला एक तरुण तज्ज्ञ बसला होता. त्याने पाळण्याभोवती एक चक्कर मारली, दांड्यावर बोटाने टकटक केली आणि पेन उघडलं.

"ठीक आहे. सांस्कृतिक मोल शून्य. देतो लिहून."

झालं. तिथे उठून कागद घ्यायचा आणि घरी जायचं. कोणाही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. पण हिकमतअकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे काही मोल नाही."

"बाळ, तुझं वय काय? हा पाळणा मर्गिलानच्या कारागिराने केलाय. तुती आहे तुती! ही खाच बघ. एक खिळा नाही. माझ्या आईच्या लग्नाआधीचा आहे हा!"

तज्ज्ञाने चष्मा पुसला. "खरंच? एक खिळा नाही?"

"नाही! आणि या दांड्यावरची नक्षी? आता अशी नक्षी करणारा माणूस दाखव मला साऱ्या ताश्कंदात."

तज्ज्ञ गुडघ्यावर बसला. भिंग आलं. मग शेजारच्या खोलीतले दोन सहकारी आले. मग त्यांचे साहेब आले. हिकमतअकांना फार वर्षांनी इतके श्रोते मिळाले होते. ते बोलत सुटले, आणि पाळण्याचं वय दर वाक्याला वाढत गेलं. शेवटी साहेब हळूच म्हणाले, "हा बाहेर जाऊ देणं बरोबर होणार नाही. संग्रहालयाला कळवायला हवं."

हिकमतअकांचा आ तसाच राहिला. आपण भांडण जिंकलो आणि पाळणा हरलो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

सबोहतआपा पुढे झाल्या. "साहेब, यांचं काही मनावर घेऊ नका. हा मागचा पाय आमच्या शेजाऱ्याने गेल्या साली बसवलाय, खाली खिळे आहेत, बघा वाकून. आणि हा हिरवा रंग पाणीखात्याच्या नळांचा आहे. डबा उरला होता, यांनीच फासला."

साहेबांनी वाकून वास घेतला. नळांचाच रंग होता. दाखला मिळाला, शिक्क्यानिशी. हिकमतअका पुढे स्टेशनवर जाईपर्यंत बायकोशी एक अक्षर बोलले नाहीत.

शनिवारी सकाळची गाडी होती. डब्याची देखरेख करणारी बाई, अनोरा, दाराशी तिकिटं बघत उभी होती. तिने पाळण्याकडे बघून कमरेवर हात ठेवले.

"अका, हे सामान कुठे ठेवणार?"

"हे सामान नाही."

"मग काय, प्रवासी आहे?"

हे वाक्य तिने चेष्टेने म्हटलं होतं. पुढे त्याचं काय होणार आहे याची त्या बिचारीला कल्पना नव्हती. पाळणा दारात अडकला, मग बोळात अडकला, मग कप्प्याच्या दारात आडवा, उभा आणि तिरका अशा तिन्ही रीतींनी अडकला. शेवटी मागून अनोराने आणि पुढून हिकमतअकांनी जोर लावल्यावर तो एकदम आत आला, आणि त्याच्यामागून अनोराही. कप्प्यात बाकी कोणी नव्हतं. शेजारच्या कप्प्यात मात्र कोणाचं तरी तान्हं मूल टाहो फोडून रडत होतं.

गाडी सुटली, सांध्यावरून डावीकडे वळली, आणि पाळणा हलायला लागला.

"अहो!" सबोहतआपा किंचाळल्या. "रिकामा पाळणा हलतोय!"

रिकामा पाळणा हलवू नये, हे हिकमतअकांनाही आईने, आजीने आणि मावशीने तीन वेगवेगळ्या प्रसंगी कान पिळून शिकवलं होतं. आणि हा पाळणा तर नातवाचा. त्यांनी झटकन त्यावर हात ठेवला. मग पाय ठेवला. पायाला मुंग्या आल्यावर पट्टीखाली बूट घातला. बुटासकट पाळणा डुलायला लागला. रेल्वेला आपण सांगू शकत नाही की बाई, आमच्याकडे असं चालत नाही.

"काहीतरी ठेवा त्यात," सबोहतआपा म्हणाल्या. "रिकामा नको म्हणजे झालं. जड पाहिजे. आणि शुभ पाहिजे."

जड आणि शुभ अशी एकच वस्तू जवळ होती. विहीणबाईंसाठी घेतलेलं मिर्झाचोलचं खरबूज. लांबोडकं, पिवळं, चांगलं तान्ह्या मुलाएवढं. सबोहतआपांनी ते पाळण्यात ठेवलं. नुसतं ठेवून त्यांचं समाधान होईना. त्या हाताला अर्धवट काम माहीतच नव्हतं. त्यांनी खरबूज दुपट्यात गुंडाळलं, पाळण्याचे रुंद पट्टे वरून घट्ट बांधले, डोक्याकडे छोटी उशी सरकवली, आणि दांड्यावरून सगळी पांघरुणं एकावर एक सोडली. मग सवयीने पाळण्याला एक हलका झोकाही दिला.

"आता हलू दे," त्या निःश्वास टाकून म्हणाल्या.

सरहद्दीच्या अलीकडच्या ठाण्यात गाडी थांबली. बूट वाजवत एक तरुण लेफ्टनंट कप्प्यात आला. पासपोर्ट मागायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर पाळण्यावर गेली आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

"पासपोर्ट," तो कुजबुजला.

हिकमतअकांनी पासपोर्ट दिले. त्याने दोन्ही बघितले, शिक्के मारले. शिक्काही अगदी हलक्या हाताने मारला. मग पाळण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि यांचा?"

"त्यात बाळ नाही," हिकमतअकाही कुजबुजले.

"मग तुम्ही हळू का बोलताय?"

"तुम्ही हळू बोलताय म्हणून."

लेफ्टनंट सरळ उभा राहिला. त्याच्या नजरेत पाहुण्याचा जो थोडा अंश होता तो गेला. "आजोबा, आत काय आहे?"

"खरबूज."

"खरबूज. उशीवर?"

हिकमतअकांना जन्मात पहिल्यांदा कळलं की खरं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा किती खोटा दिसू शकतो. त्यांना घाम फुटला. घाम बघून लेफ्टनंटने बोळातल्या शिपायाला दार अडवायला सांगितलं, आणि पांघरुणाकडे हात नेला.

"खबरदार!" सबोहतआपा कडाडल्या. "परक्या पुरुषाने पाळण्याचं पांघरूण उचलायचं नाही. पुढे ज्या बाळाला यात घालायचंय त्याला दृष्ट लागेल. तुझ्या आईने शिकवलं नाही का तुला?"

लेफ्टनंटचा हात वाटेतच थांबला. त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं. शिवाय त्याच्या घरीही महिन्याचं बाळ होतं, आणि त्याच्या आईने खुद्द त्यालाच अजून ते धड बघू दिलं नव्हतं. तो कानापर्यंत लाल झाला. कायद्याने पांघरूण उचलायलाच हवं होतं आणि रीतीने ते त्याला उचलता येत नव्हतं.

"मग कोणी उचलायचं?"

"लेकुरवाळ्या बाईने."

लेफ्टनंटने बिनतारी यंत्र तोंडाशी धरलं आणि मुलंबाळं असलेली बाई अधिकारी ताबडतोब पाठवा, असा निरोप दिला. असा निरोप त्या यंत्रावरून आधी कधी गेला नसावा, कारण पलीकडून तो तीनदा विचारण्यात आला. गाडी थांबून राहिली. बोळात प्रवासी जमले. कोणी म्हणालं सोनं सापडलं, कोणी म्हणालं म्हाताऱ्याने मूल पळवलं. हिकमतअका भिंतीकडे तोंड करून बसले. पाणीखात्यात त्यांच्यासमोर लोक उभे राहत, आणि आज आपण खरबुजापायी शिपायाच्या पहाऱ्यात.

शेवटी कस्टमच्या हालिमाबाई आल्या. चार पोरांची आई. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, पांघरुणं बाजूला केली आणि आत बराच वेळ बघितलं. मग पुन्हा नीट झाकून बाहेर आल्या.

"काय आहे?" लेफ्टनंटने विचारलं.

"शांत झोपलंय," हालिमाबाई म्हणाल्या. "टक्कल अगदी आजोबांवर गेलंय."

सगळा डबा हसला. लेफ्टनंटही हसला. हिकमतअकांनी मात्र ते बोलणं मनाला लावून घेतलं, कारण सबोहतआपा सगळ्यांत जास्त हसल्या होत्या.

"पण आपा, एक सांगते," उतरता उतरता हालिमाबाई म्हणाल्या. "पलीकडे फळाला वेगळा दाखला मागतात. नसेल तर खरबूज काढून घेतील. पोचायच्या आत खाऊन टाका."

दोन्ही ठाण्यांच्या मधे गाडी रांगत रांगत जाते. तेवढ्या वेळात ते खरबूज संपलं. अनोराने सुरी आणली, बोळभर फाकी वाटल्या गेल्या, आणि मघाशी हिकमतअकांना मूल पळवणारा म्हणणाऱ्या गृहस्थाने दोनदा मागून घेतलं. सालं आणि बियासुद्धा अनोराने बंद पिशवीत बांधून टाकल्या. शेजारच्या कप्प्यातली पोरगीही आली. झेबो तिचं नाव. नवरा शिमकेंटला कामाला होता, त्याच्याकडे निघाली होती. कडेवर ते रडणारं मूल. फाक तोंडाला लावतानाही ती झुलत होती, मुलाला झुलवायच्या सवयीने.

"कालपासून झोपलेला नाही, आपा," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "मीही नाही. आता हा पडेल नाहीतर मी पडेन."

सबोहतआपांनी मुलाकडे बघितलं. मग पाळण्याकडे बघितलं, जो पुन्हा रिकामा होता आणि पुन्हा हलत होता. त्यांनी हात पुढे केले. दुपटं, पट्टे, उशी, पांघरुणं. वरून एक झोका. मूल दोनदा हुंदकलं आणि गाढ झोपलं. अख्ख्या डब्याला एकदम शांतता ऐकू आली.

"जा, तू पाठ टेक जराशी," सबोहतआपा म्हणाल्या. झेबो गेली आणि भिंतीपलीकडून लगेच तिचं घोरणं ऐकू आलं.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. पण सरहद्दीवरची माणसंही माणसंच असतात, आणि दिवसभर पासपोर्टावरचे चेहरे बघून ती कंटाळतात. अलीकडच्या ठाण्यावरून कोणीतरी पलीकडच्या ठाण्यावर फोन केला होता, की गंमत बघायची असेल तर अमुक कप्प्यात जा, पाळण्यात खरबूज निजवलंय.

त्यामुळे पलीकडे गाडी थांबताच पहिला माणूस आला तो फळं-भाज्या तपासणारा निरीक्षक. गोल पोट, हातात मोठी प्लास्टिकची पिशवी, आणि हसून हसून आधीच ओले झालेले डोळे.

"कुठे आहेत ते पिवळे पाहुणे?"

"श्श!" सबोहतआपा म्हणाल्या.

"वा! आपा, तुम्ही नाटकात असायला पाहिजे होतं!" असं म्हणून त्या माणसाने कोणी काही बोलायच्या आत पांघरूण वर केलं.

खरबुजाने जांभई दिली.

निरीक्षक मटकन समोरच्या बाकावर बसला. पिशवी त्याच्या हातातून गळून पडली. त्याने पांघरूण सोडलं, पुन्हा उचलून खात्री केली, आणि मग पासपोर्टवाल्याला हाक मारली. पासपोर्टवाला आला. हा हसणाऱ्यांपैकी नव्हता.

"कोणाचं मूल?"

"आमचं नाही," हिकमतअका म्हणाले.

"पाळणा?"

"आमचा."

"तुमच्या पाळण्यात तुमचं नसलेलं मूल आहे. मागच्या ठाण्यावर ते खरबूज होतं."

"हो. म्हणजे नाही. खरबूज आम्ही खाल्लं."

पासपोर्टवाल्याने ते लिहून घेतलं. हिकमतअकांनी इतकी वर्षं दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतले होते, त्यामुळे आपला जबाब कागदावर कसा दिसत असेल हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"या मुलाशी तुमचं नातं काय?"

"आजोबा," हिकमतअका म्हणाले.

आता यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्याकडे पांढऱ्या दाढीच्या माणसाला रस्त्यावरच्या कुठल्याही मुलाबद्दल विचारा, तो आजोबा म्हणूनच सांगतो. मूल रडलं की 'ये, आजोबांकडे ये' म्हणतो, मग ते कोणाचं का असेना. शिवाय गेले कित्येक दिवस हिकमतअका येता-जाता भेटेल त्याला आपण आजोबा झाल्याचं सांगत होते. शब्द जिभेवरच होता, घसरला.

"आत्ताच म्हणालात, तुमचं नाही."

सबोहतआपांनी कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, मूल शेजारच्या कप्प्यातल्या पोरीचं आहे. जाऊन विचारा की!"

"तपासणी चालू असताना कोणी कप्पा सोडायचा नाही. माझ्याकडे हा कप्पा आहे. तो दुसऱ्याकडे आहे."

तो दुसरा नेमका तेव्हाच शेजारी शिरला होता. भिंत फळीची. इकडे सगळं ऐकू येत होतं.

"उठा, बाई! पासपोर्ट दोन आहेत आणि माणूस एक. मूल कुठे आहे?"

झेबोचा झोपेने जड झालेला आवाज आला. "खरबुजाच्या जागी ठेवलंय."

एकाच्या हातात कागद होता, मूल नव्हतं. दुसऱ्यासमोर मूल होतं, कागद नव्हता. मधे बोटभर फळी. दोघांनीही आपापल्या जागेवरून आपल्या मेजरला बोलावलं.

मेजर वयस्क होते. जाडजूड, सावकाश चालणारे. त्यांनी झेबोला तिच्या मुलाच्या पासपोर्टासकट इकडे आणवलं, पासपोर्ट पाळण्याजवळ धरला, फोटोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"फोटोत डोळे उघडे आहेत," ते म्हणाले. "इथे मिटलेले आहेत. जुळवायचे कसे?"

"उठवू का?" निरीक्षकाने विचारलं.

"नका हो उठवू!" झेबो म्हणाली. तिचा आवाजच असा होता की निरीक्षक दोन पावलं मागे सरला.

"बरं. तोवर दुसरं बघू," मेजर म्हणाले. "पाळणा कोणाला चाललाय?"

"नातवाला," हिकमतअका म्हणाले. "अल्माटीला. हा दाखला."

मेजरनी दाखला वाचला. "हा तिकडचा. इकडे भेटवस्तू म्हणून नोंद लागते. खाली उतरवायचा, कचेरीत तपासायचा. पुढच्या गाडीने न्या."

"पुढची गाडी?"

"मंगळवारी."

रविवारची दुपार हिकमतअकांच्या डोळ्यांसमोर आली. भरलेलं घर, मधोमध तो गाणारा खोका, त्यात आपला नातू, आणि आपण रिकाम्या हाताने दारात. वाद घालायला त्यांनी तोंड उघडलं, पण नियम त्यांना पटला होता. स्वतः खिडकीत बसलेले असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि याहून कडक आवाजात सांगितलं असतं.

"साहेब, नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "मी पण कचेरीतला माणूस आहे. पण माझी आई मला यात निजवायची. मुलगी परमुलखात दिली. तिच्या पोराला रोज जाऊन मांडीवर घेणं माझ्या नशिबात नाही. मी नसलो तरी हा त्याच्याजवळ असावा, एवढंच होतं." सबोहतआपा इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या बाहीला नुसता हात लावला.

मेजर पाळण्याकडे वळले. मग त्यांनी पासपोर्टवाल्याला विचारलं, "या पाळण्यात आता काय आहे?"

"मूल, साहेब."

"झोपलेलं?"

"हो, साहेब."

"रिकामा पाळणा असता तर ती वस्तू झाली असती. वस्तू मी उतरवून घेतली असती. मूल झोपलंय, म्हणजे हे अंथरूण आहे. प्रवाशाच्या अंगाखालचं अंथरूण उतरवा असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही, साहेब."

"मग?" असं म्हणून मेजरनी झेबोच्या पासपोर्टावर शिक्का मारला. यांना लेफ्टनंटसारखा हलका हात नव्हता. त्या दणक्याने मुलाने टक्क डोळे उघडले. मेजरनी चपळाईने फोटो त्याच्या तोंडासमोर धरला. "जुळतं! लवकर, लवकर!" मुलाने भोकाड पसरायच्या आत त्याच्या, हिकमतअकांच्या आणि सबोहतआपांच्या पासपोर्टांवर भराभर शिक्के पडले आणि सगळी वर्दी बोळातून पसार झाली.

गाडी व्हायचा तेवढा उशीर करून निघाली. शिमकेंटला झेबो उतरली. तिचा नवरा फलाटावर धावत आला आणि मुलाऐवजी आधी तिलाच धरून उभा राहिला, कारण ती चालता चालता झोपत होती. त्यानंतर अल्माटीपर्यंत पाळण्यात काय होतं याची फार चौकशी करू नये. हिकमतअका समोरच्या बाकावर बसून होते आणि त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पांघरुणाखाली होते, एवढं सांगतो. सबोहतआपांनी वरून पट्टेही बांधले होते.

रविवारी गाडी पोचली तेव्हा दुपार कलली होती. जावई बेरिक स्टेशनवर आला होता. त्याने पाळणा गाडीच्या टपावर बांधला आणि वाटेत फारसा बोलला नाही. हिकमतअकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. झाला कार्यक्रम. जेवणं झाली, नातू त्या खोक्यात झोपला, आता आपल्याला शिळा पुलाव वाढतील आणि 'प्रवास कसा झाला' म्हणून विचारतील. जिना चढताना त्यांनी पाळण्याचा जड भाग आपल्याकडे घेतला. जावई नको म्हणाला तरी सोडला नाही.

दारात बुटांचा ढीग होता. आत घर माणसांनी भरलेलं, आणि जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावरची ताटं अजून झाकलेली. विजेचा पाळणा कोपऱ्यात होता. त्यात पाहुण्यांचे कोट टाकलेले होते. मधोमध गादीवर बागिला विहीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर बाळ.

"आलात एकदाचे!" त्या म्हणाल्या. "सकाळपासून याला मांडीवरून खाली ठेवलेलं नाही. सगळे म्हणाले, घाल त्या विजेच्या पाळण्यात आणि वाढायला घे. म्हटलं, उपाशी राहा. आजोळचा पाळणा वाटेत आहे."

"पण फोनवर तर तुम्ही..." हिकमतअका म्हणाले.

"फोनवर 'त्रास घेऊ नका' म्हटलं. म्हणायची रीत असते, व्याही! घेतला नसतात तर जन्मभर ऐकवलं असतं तुम्हाला." मग त्यांनी पाय हलवून बघितले. "माझे दोन्ही पाय मेलेत. या, धरा आता तुमच्या नातवाला. मान सांभाळा."

शोइरा आईच्या गळ्यात पडून रडत होती. हिकमतअकांनी पाळणा खाली ठेवला, हात कोटाला पुसले आणि बाळ घेतलं. ते त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फार हलकं होतं. त्यांना वाटलं, आता हे रडणार. ते रडलं नाही. त्याने डोळे उघडले आणि वर बघितलं. घाई न करता, अजिबात न हसता, कपाळापासून दाढीपर्यंत आणि पुन्हा दाढीपासून कपाळापर्यंत ते त्यांचा चेहरा तपासत राहिलं.

समोरून कोणी असं निरखायला लागलं की काय करायचं, हे हिकमतअकांच्या आता अंगवळणी पडलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, चेहरा सरळ केला, आणि श्वास रोखून उभे राहिले.